अभ्यासकाच्या टेबलावर : छापील, डिजिटल आणि दोन्ही

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना १,२५९ हस्तलिखिते तपासली. काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत विष्णु सीताराम सुखठणकर त्याचे प्रमुख संपादक होते. या आवृत्तीच्या पानावर वर निश्चित केलेला पाठ असतो आणि खाली बारीक टायपात, कोणत्या प्रतीत कोणता शब्द वेगळा आहे, कुठे जास्तीचा श्लोक आहे, याच्या नोंदी असतात. गेल्या शतकाच्या अखेरीस जपानमधल्या क्योतोचे मुनेओ तोकुनागा यांनी हा पाठ संगणकावर उतरवला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला आणि जगातल्या कुणालाही तो विनामूल्य मिळू लागला.

एखादा शब्द अठरा पर्वांत कुठे कुठे येतो, हे पाहायला पूर्वी सूची चाळत बसावे लागे. आता ती यादी क्षणात समोर येते. पण त्या शब्दाच्या जागी काश्मीरकडच्या प्रती काय म्हणतात आणि दक्षिणेकडच्या काय, हे त्या संगणकीय पाठात सापडत नाही. तिथे तळटिपाच पाहाव्या लागतात. म्हणजे छापील खंड उघडावा लागतो, किंवा निदान त्याच्या पानापानाची स्कॅन केलेली प्रत तरी. महाभारतावर काम करणारा माणूस एकाच सकाळी संगणकावर शोध घेतो, उठून कपाटातला खंड काढतो, तळटीप वाचतो आणि पुन्हा संगणकाकडे वळतो. त्याला छापील साधन आवडते की डिजिटल, असे विचारले तर तो काय सांगणार?

अध्यापक आणि संशोधक ग्रंथालयातली कोणती साधने पसंत करतात, या विषयाचे दार इथून उघडावे असे वाटते. कारण या विषयावरची बरीच चर्चा माणसांची विभागणी करण्यात अडकते. जुने प्राध्यापक पुस्तकवाले, नवे संगणकवाले. मानव्यविद्यांचे लोक कागदाला चिकटलेले, विज्ञानाचे लोक पुढे गेलेले. या विभागणीत थोडे तथ्य आहे, पण त्यातून फारसे कळत नाही. निवड बदलते ती कामानुसार. शोधणे, सलग वाचणे, पडताळणे, शिकवणे आणि जपून ठेवणे ही अभ्यासाची वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळे साधन हाताशी लागते.

नियतकालिकांच्या बाबतीत हा प्रश्न लवकर सुटला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉस इथे पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकीतल्या लेखांचे जे संगणकीय भांडार सुरू केले, तेच आजचे ‘अर्काइव्ह’. त्याआधी भौतिकीचे संशोधक आपल्या अप्रकाशित लेखांच्या प्रती टपालाने एकमेकांना पाठवत. मोठ्या संस्थांना त्या आधी मिळत, लहान आणि दूरच्या संस्थांना उशिरा किंवा कधीच नाही. गिन्सपार्ग यांच्या भांडाराने ही उतरंड मोडली. भौतिकीवाल्यांनी डिजिटल रूप स्वीकारले ते यंत्राच्या आकर्षणापोटी नव्हे; सर्वांना एकाच दिवशी लेख मिळण्याची सोय त्यांना हवी होती.

इतिहास आणि अर्थशास्त्राची कथा वेगळी आहे. तिथे सुरुवात जागेच्या टंचाईपासून झाली. ओहायो राज्यातल्या डेनिसन विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटे भरली होती. त्या विद्यापीठाचे विश्वस्त विल्यम बोवेन हे मेलन फाउंडेशनचे अध्यक्षही होते. प्रत्येक ग्रंथालयाने त्याच नियतकालिकांचे तेच बांधीव खंड सांभाळण्याऐवजी ते एकदाच स्कॅन करावेत आणि सर्वांनी वापरावेत, ही त्यांची कल्पना. त्यातून १९९५ मध्ये ‘जेस्टोर’ उभे राहिले. सुरुवात अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या दहा नियतकालिकांनी झाली. हेतू कपाटे मोकळी करण्याचा होता, पण अभ्यासकांना त्यात वेगळेच काही गवसले. जे जुने लेख कुणी उघडतही नव्हते, ते शब्दशोधामुळे पुन्हा वाचले जाऊ लागले. बांधीव खंडांबद्दल फारशी हळहळ झाली नाही, कारण नियतकालिकाचा खंड सलग कुणी वाचतच नव्हते. त्यातला एक लेख हवा असे, आणि तो आता घरबसल्या मिळत होता.

पुस्तकांचे मात्र तसे झाले नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय अध्यापकांची ‘इथाका’ या संस्थेतर्फे २००० पासून दर तीन वर्षांनी पाहणी होत आली आहे. तिच्यात एक चित्र पुन्हा पुन्हा दिसते. नियतकालिके छापील रूपात आली नाहीत तरी चालेल, असे बहुतेक अध्यापक म्हणतात. पुस्तकात एखादा विषय किंवा उल्लेख शोधायचा असेल तर त्यांना डिजिटल रूप सोयीचे वाटते. पण तेच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, विचार करत वाचायचे असेल तर ते छापील प्रतीकडे वळतात. मानव्यविद्यांत हा कल अधिक ठळक आहे, आणि ते साहजिक आहे. इतिहासाच्या ग्रंथातला युक्तिवाद तीनशे पानांत उलगडतो. रसायनशास्त्रातला निष्कर्ष आठ पानांच्या लेखात मावतो.

याला निव्वळ सवय म्हणता येत नाही. २०१८ मध्ये पाब्लो डेलगाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा सरस दिसले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. गोष्टीरूप मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. सर्वांत विचार करायला लावणारी नोंद अशी, की वर्षे सरली तसा हा फरक घटला नाही, उलट वाढला. नव्या पिढीला पडद्याची सवय झाली की प्रश्न आपोआप मिटेल, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. डायेन मिझराही यांच्या पुढाकाराने २१ देशांतल्या दहा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तिच्यातही अभ्यासाचा मजकूर छापील रूपात वाचायला आवडतो असे सांगणारेच बहुसंख्य होते.

वकिली आणि कायद्याच्या अध्यापनात दोन्ही रूपे एकमेकांत कशी गुंततात, याचे उदाहरण नागपुरात आहे. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ हे न्यायनिर्णयांचे नियतकालिक तिथून निघते. केशवानंद भारती खटल्याचा निकाल आज बहुतेक जण संगणकावरच उघडतात. पण त्याचा दाखला देताना ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असे लिहितात. त्यातला १४६१ हा आकडा छापील खंडातल्या पानाचा आहे. ते पान ज्याने कधी हातात धरले नाही, तोही न्यायालयात त्याच पानाचा हवाला देतो. डिजिटल साधन छापील साधनाच्या चौकटीत राहून काम करते, हे कायद्याइतके स्वच्छ इतरत्र क्वचितच दिसते.

भारतातल्या अध्यापकाच्या आयुष्यात या दोहोंच्या मध्ये आणखी एक साधन कित्येक दशके आहे, आणि परदेशी पाहण्यांत त्याला रकानाच नसतो. ते म्हणजे झेरॉक्स. विद्यापीठाच्या फाटकाशी असलेल्या दुकानात ग्रंथालयातल्या महागड्या पुस्तकांतली प्रकरणे, लेख आणि वर्गात नेमलेली टिपणे यांचे बाइंडिंग केलेले संच मिळतात. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानाविरुद्ध २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठी अशा प्रती काढता येतात ही भूमिका कायम ठेवली. या खटल्याकडे कायद्याच्या अंगाने पुष्कळ पाहिले गेले. ग्रंथालयाच्या अंगाने पाहिले तर त्यात वेगळीच गोष्ट दिसते. अध्यापकाला पुस्तकाचा एक भाग हवा असतो, तो कागदावर हवा असतो आणि चाळीस जणांसाठी एकदम हवा असतो. छापील पुस्तक आणि सदस्यत्वाचे ई-पुस्तक या दोन्हींत ही सोय नव्हती. ती ग्रंथालयाबाहेरच्या एका यंत्राने पुरवली.

डिजिटल साधनांचा भारतातला विस्तार सरकारी पैशाने झाला, हेही इथे ध्यानात घ्यावे लागते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने विद्यापीठांना आणि मग ‘एन-लिस्ट’ योजनेतून महाविद्यालयांना विद्युत नियतकालिके दिली. अगदी थोड्या वार्षिक वर्गणीत तालुक्याच्या महाविद्यालयाला सहा हजारांहून अधिक नियतकालिके मिळू लागली. तेवढी छापील नियतकालिके मागवण्याची ताकद महाराष्ट्रातल्या कोणत्याही महाविद्यालयात कधीच नव्हती. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी व अध्यापक, असा तिचा पसारा आहे.

ही मोठीच गोष्ट आहे. गडचिरोलीतल्या रसायनशास्त्राच्या अध्यापिकेला आणि पवईतल्या आयआयटीच्या प्राध्यापकाला तोच लेख त्याच दिवशी मिळावा, यात न्याय आहे.

‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या खुल्या विद्युत भांडाराने केलेले काम याहूनही जवळचे आहे. पूर्वी पीएच.डी.चा प्रबंध म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या एका कपाटात ठेवलेली टंकलिखित प्रत. दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाला ती पाहायची तर ओळखपत्र आणि शिफारसपत्र घेऊन त्या गावी जायचे, वाचनकक्षात बसायचे आणि हाताने टिपणे काढायची. त्याच विषयावर दुसरीकडे कुणी प्रबंध लिहिला आहे, हे कित्येकदा कळतच नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची विद्युत प्रत जमा करणे सक्तीचे केले आणि आज शोधगंगेवर पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. इथे छापील की डिजिटल अशी पसंती विचारण्यात अर्थच नाही. जे बंद होते ते उघडले, एवढेच खरे. वापरताना अडचणी येतात: प्रकरणागणिक वेगवेगळ्या पीडीएफ, काही ठिकाणी अंधुक स्कॅन, मराठी प्रबंधांची नावे रोमन लिपीत कशीही लिहिलेली. तरीही मराठीत संशोधन करणाऱ्या तरुणाला विचारा, तो शोधगंगेशिवाय कामाला सुरुवातच करत नाही.

मराठीचा विषय निघाला की पसंतीच्या प्रश्नाचा पायाच हलतो. परदेशी पाहण्या गृहीत धरतात की अभ्यासकासमोर एकच मजकूर दोन रूपांत ठेवलेला आहे आणि त्याने त्यातले एक उचलायचे आहे. मराठीच्या अभ्यासकासमोर असा पर्याय क्वचितच असतो. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’तली तेरा हजार नियतकालिके आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची आहेत. १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘नवभारत’ मासिकाचा एखादा जुना अंक किंवा १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाची फाइल त्यात सापडणार नाही. मराठी समीक्षा शिकवणारी अध्यापिका छापील अंक वाचते, कारण तिच्यापुढे तोच असतो. पाहणीत तिचे उत्तर ‘छापील पसंत’ या रकान्यात पडते. तिथे तिची पसंती मोजलेली नसते, तिची अडचण मोजलेली असते. अशी पाहणी करणाऱ्या प्रत्येकाने प्रश्नावली छापण्याआधी हा भेद मनात धरायला हवा.

मराठीत काय छापले गेले हे कळण्याचा मुख्य आधार आजही शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हाच आहे. १८०० ते १९३७ या काळातली पुस्तके दात्यांनी गावोगावची ग्रंथालये धुंडाळून नोंदवली. १८६७ पर्यंतच्या आद्य मुद्रित मराठी पुस्तकांना ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. त्यांचा मोठा संग्रह मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आहे. या पुस्तकांतली काही आता आंतरजालावर मिळतात. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपला दुर्मीळ ठेवा डिजिटल केला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने हजारो जुनी पुस्तके आणि अहवाल स्कॅन करून खुले केले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंडही आज संगणकावर उघडता येतात. मराठेशाहीवर काम करणाऱ्या परदेशस्थ अभ्यासकाला हे खंड मिळणे म्हणजे अर्धी वाट चालून होणे.

पण मिळणे आणि शोधता येणे यांत अंतर आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात मराठी पुस्तके मोठ्या संख्येने स्कॅन झाली. नोंदी करताना मात्र पुस्तकांची आणि लेखकांची नावे रोमन अक्षरांत अशी काही लिहिली गेली की मूळ नाव ओळखणे कठीण व्हावे. कुठे पाने गळली, कुठे कडा कापल्या गेल्या. पुढे तो प्रकल्प थांबला आणि त्यातला बराच साठा ‘इंटरनेट अर्काइव्ह’वरून वाचला जाऊ लागला, त्याच चुकीच्या नावांसह. शिवाय ही पुस्तके म्हणजे पानांची छायाचित्रे. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे, पुसट शाई, पिवळा कागद, यांमुळे अक्षरओळख करणारी संगणकप्रणाली तिथे अडखळते. इंग्रजी पुस्तक स्कॅन झाले की त्यातला शब्द न् शब्द शोधता येतो. १८८० चे मराठी पुस्तक स्कॅन झाले तरी ते पानागणिक डोळ्यांनीच वाचावे लागते. डिजिटल साधनाचा जो सर्वांत मोठा लाभ, तोच मराठी अभ्यासकाच्या वाट्याला अजून पुरता आलेला नाही.

टिकाऊपणाचा विचार केला की दोन्ही बाजूंचे आग्रह सैल होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला. तिची विद्युत तालिका जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती आणि डिजिटल हस्तलिखिते त्यानंतरही बराच काळ मिळेनात. इंडिया ऑफिसचे कागद आणि जुनी मराठी मुद्रिते ज्या ग्रंथालयात आहेत, तिथेच ही आपत्ती आली. तिथल्या मराठी पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ मध्ये छापली गेली होती. ती ज्याच्या हाताशी होती त्याला निदान काय आहे हे तरी कळत होते. २०२४ च्या ऑक्टोबरात इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला आणि मराठी स्कॅन प्रतींचा तो मोठा झराही काही काळ आटला. कागदही निर्धोक नाही. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेत घुसून पुस्तकांची, हस्तलिखितांची आणि कपाटांची नासधूस केली, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अभ्यासकाला दोन्ही रूपे हवी असतात ती अशा प्रसंगांसाठीही.

आणि वर्गणीचा प्रश्न राहतोच. छापील नियतकालिकाची वर्गणी थांबवली तरी आधीचे खंड कपाटात असतात. विद्युत वर्गणी संपली तर करारात काय लिहिले आहे त्यावर सारे ठरते. मधल्या काळात छापील अंक येणेही थांबलेले असते. स्टॅनफर्डच्या ग्रंथपालांनी १९९९ मध्ये ‘लॉक्स’ हा उपक्रम याच काळजीतून सुरू केला: एका लेखाच्या अनेक प्रती अनेक ग्रंथालयांत ठेवायच्या, म्हणजे एखादा साठा गेला तरी लेख जात नाही. २०२७ नंतर आपल्याकडच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेचे काय होईल, तोवरच्या अंकांवर संस्थांचा हक्क राहील का, हे प्रश्न अध्यापकांनी आजच विचारले पाहिजेत. ते ग्रंथपालांवर सोडून देण्याइतके किरकोळ नाहीत.

ग्रंथपालांची कोंडी समजून घ्यायला हवी. महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनात ग्रंथालयाचे संगणकीकरण, ई-साधनांची वर्गणी, पुस्तकांवरचा वार्षिक खर्च आणि रोजचा वापर यांची विचारणा होते. विद्युत लेख किती वेळा उघडला याचा आकडा यंत्र देते. संदर्भ विभागात बसून कुणी सकाळभर एका कोशाची पाने चाळली, तर देवघेवीच्या नोंदवहीत त्याचा मागमूस राहत नाही. मग वापर नाही म्हणून त्या कोशाचे निर्लेखन, म्हणजे तो संग्रहातून काढून टाकणे, सुचवले जाते. मोजता येते तेवढेच वापरले जाते असे धरून चालणारी व्यवस्था, अभ्यासकांची पसंती नकळत स्वतःच घडवते. इमारतीत नवी कपाटे ठेवायला जागा नाही आणि वर्षानुवर्षे ग्रंथपालाचे पद रिक्त आहे अशा महाविद्यालयांत तर हा निर्णय कुणी घेतही नाही. तो वाळवी आणि ओल घेतात.

म्हणून मराठीच्या संदर्भात छापील आणि डिजिटल यांच्यातले नाते काळाच्या क्रमाचे आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. स्कॅन करायला आधी छापील अंक हवा. एखाद्या जुन्या मराठी मासिकाची पूर्ण फाइल एका ठिकाणी असणे दुर्मीळ. काही वर्षे मुंबईत, काही पुण्यात, काही ठाण्याच्या किंवा वाईच्या ग्रंथालयात आणि मधले चार अंक कुणा सेवानिवृत्त प्राध्यापकाच्या घरी, अशी ती विखुरलेली असते. हे तुकडे जोडून, नीट नोंदवून, देवनागरी नावांसह स्कॅन करण्याचे काम जिथे झाले आहे तिथे अभ्यासकांची पसंती लगेच बदललेली दिसते. जिथे झालेले नाही तिथे या वर्षी कोणते खंड निर्लेखनाच्या यादीत जातात, यावर पुढच्या संशोधकाला निवड करता येईल की नाही हे ठरणार आहे.